बुडाला लागलेली थकबाकी

मराठीत दूध 'लागते', भात 'खाली लागतो', भाजी 'करपते' आणि फोडणी 'जळते'. एकाच अपघातासाठी ज्या भाषेने इतकी क्रियापदे राखून ठेवली, त्या भाषेच्या स्वयंपाकघरात हा अपघात किती नित्याचा असेल, याची कल्पना करावी. त्यातही 'लागले' या शब्दात मोठी सारवासारव आहे. दूध लागले म्हणजे ते कुणी लावले नाही, आपले आपणच लागले! त्या वेळी फोन कुणाचा आला होता, मालिकेत नेमके कोण कुणाला घराबाहेर काढत होते, हे त्या क्रियापदात कुठेही येत नाही.

अर्थात हा अपघात नेहमी अप्रियच असतो असेही नाही. तूप कढवल्यावर तळाशी उरणारी बेरी साखर घालून खाण्यासाठी लहानपणी आम्हा भावंडांत चढाओढ लागे. बासुंदीच्या पातेल्याची खरवड ज्याच्या वाट्याला येई, तो त्या दिवसापुरता घरचा राजा. खमंग, खरपूस, करपट आणि जळका हे चार शब्द एकाच रस्त्यावरचे चार थांबे आहेत. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवून दिले की अमिनो आम्ले आणि साखर एकत्र तापली की त्यांच्यात एक प्रक्रिया घडते आणि तपकिरी रंग येतो. आपल्या पोळीवरचे डाग, भाजलेला रवा, परतलेला कांदा ही सगळी त्याच प्रक्रियेची लेकरे. आच तशीच राहिली की मात्र या चविष्ट तपकिरीचा कोळसा होतो आणि तो धातूला घट्ट बिलगून बसतो. इथपर्यंतचे काम स्वयंपाक करणाऱ्याचे. इथून पुढचे काम भांडी घासणाऱ्याचे. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ही दोन माणसे बहुधा वेगवेगळी असतात, आणि म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर रविवारच्या पानात लिहावेसे वाटले.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. थकीत कर्जाच्या वसुलीत एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. थकबाकी सगळी एका जातीची नसते. कुणाचे पीक बुडालेले असते, कुणाची नियतच बुडालेली असते. सगळ्यांना एकच नोटीस धाडणारा अधिकारी वसुली तर करत नाहीच, गावाशी वैर मात्र करून ठेवतो. करपलेल्या भांड्यांना आपण सरसकट तारेची घासणी लावतो, ती अशीच नोटीस आहे. आधी दोन चौकश्या करायला हव्यात. करपले ते काय? आणि भांडे कशाचे?

साखर किंवा गूळ करपला असेल तर तो सर्वांत सज्जन ऋणको. पाक काळा होऊन तळाशी काचेसारखा बसला की पाहणाऱ्याला वाटते, पातेले गेले. प्रत्यक्षात त्यात पाणी घालून उकळले की बहुतेक सगळा पाक मुकाट्याने विरघळून जातो. तिथे सुरीने टोचत बसणे हा शुद्ध आडदांडपणा. भात, साबुदाण्याची खीर, पिठले यांचे प्रकरण पिष्टाचे. पिष्ट पाणी पिते, फुगते आणि सुटते; त्याला फक्त वेळ हवा. मात्र ते एकदा कोरडे पडले की त्याची खळ होते, आणि खळ म्हणजे काय हे पिठल्याची कढई दुपारपर्यंत तशीच ठेवणाऱ्या घराला सांगायला नको.

दूध जास्त हट्टी. दुधातली काही प्रथिने सत्तर अंशांच्या पुढे उलगडू लागतात आणि तापलेल्या तळाला चिकटतात. त्यांच्याबरोबर दुधातला चुनाही, म्हणजे कॅल्शियमचे क्षार, बसत जातो. असे थरावर थर. जुन्या बायका पातेले पाण्याने विसळून, ओलेच ठेवून मग त्यात दूध ओतायच्या, ते या चिकटण्याला पहिला अडसर म्हणून. सगळ्यांत चिवट मात्र तेल. फोडणीचे शिंतोडे, तळणाच्या कढईच्या कडा, तव्याची मागची बाजू इथे जो पिवळट-तपकिरी, बोटाला चिकट लागणारा थर जमतो, तो नुसता तेलकटपणा नसतो. तापून तापून तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्याचे जवळजवळ रोगण झालेले असते. जवसाच्या तेलाचा रंगाऱ्यांना उपयोग होतो तो याच गुणामुळे. या रोगणाला पाणी शिवत नाही, लिंबूही फारसे काही करत नाही. त्याला लागतो क्षार, म्हणजे सोड्याच्या जातीचा पदार्थ.

आणि हा क्षार पूर्वी प्रत्येक घरात फुकट होता. चुलीतली राख! लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या भांड्यावर राख पडली की ते पाण्यात उतरते, तेला-तुपाशी त्याची गाठ पडते आणि तिथल्या तिथे थोडासा साबण तयार होतो. वर राखेचे बारीक कण घासायचे काम करतात ते वेगळेच. इंग्रजीत पॉट म्हणजे भांडे आणि ॲश म्हणजे राख. राखेचे पाणी भांड्यात आटवून जो क्षार काढीत त्याला पोटॅश म्हणू लागले आणि हम्फ्री डेव्हीने १८०७ साली त्या जातीच्या क्षारातून नवे मूलद्रव्य वेगळे केले, तेव्हा त्याचे नाव पोटॅशियम पडले. विज्ञानाच्या तक्त्यात बसलेला हा मोरीतला पाहुणा आहे.

ब्याऐंशी साली नोकरीला लागल्यावर माझी पहिली बदली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. उन्हाळ्यात तिथे हंड्या-हंड्याने पाणी मोजून वापरत. शेजारच्या आजी सगळी भांडी राखेने कोरडीच घासत, काथ्याने पुसत आणि शेवटी तांब्याभर पाण्यात पाच भांडी विसळून काढत. चुलीवर ठेवण्याआधी प्रत्येक पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा लेप असे. काजळी लेपावर बसे, घासताना लेपासकट उतरे. आतल्या करपण्यावरही लेपाचा उपयोग होत असावा, कारण आच थेट धातूला भिडत नसे. त्यांच्या दोन खोल्यांत रसायनशास्त्राचे पुस्तक नव्हते, पण एकही तांब्या वाया जात नव्हता.

गॅस आला, धूर गेला, बायकांचे डोळे आणि फुप्फुसे वाचली. याबद्दल कुणीही हळहळू नये. पण त्याबरोबर राख गेली, आणि भांडीही बदलली. स्टेनलेस स्टील दिसायला चकचकीत, कळकायची भीती नाही, आंबट चालते, कल्हई नको. उणीव एकच, ते उष्णता नीट वाहून नेत नाही. तांबे स्टीलच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, ॲल्युमिनियमही दहापटीहून अधिक. त्यामुळे पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्वाळा जिथे लागते तिथेच भडका आणि शेजारी थंडावा. करपल्याचे कडे बघा, ते बर्नरच्या आकाराचे असते. तांब्याच्या बुडाची किंवा जाड, थराथरांच्या तळाची स्टीलची भांडी निघाली ती यावरचा तोडगा म्हणून.

आता दुसरी चौकशी. स्टील असेल तर खाण्याचा सोडा हे राखेचे योग्य वारस. करपलेल्या थराच्या वर दोन बोटे येईल इतके पाणी, त्यात दोन चमचे सोडा, आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे. सोडा पाण्यात उकळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्यासारखा कडक होत जातो. म्हणून नुसते चोळण्यापेक्षा उकळणे गुणकारी. गॅस बंद करावा, भांडे निवू द्यावे आणि मग लाकडी उलथन्याने हलकेच ढकलावे. पापुद्रे सुटून येतात. नाही आले तर पुन्हा एकदा, पण जोर वाढवायचा नाही. नंतर राहणारे निळे-जांभळे इंद्रधनुषी डाग किंवा पांढरट क्षार लिंबाच्या सालीने जातात. एक जपायचे. मिठाचे पाणी स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नये. मिठातले क्लोराइड त्याच्या संरक्षक थराला टोचून बारीक खड्डे पाडते.

हाच सोडा जर्मनच्या किंवा हिंडालियमच्या भांड्यात उकळला, की घात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचे चिलखत. क्षार नेमका तो पापुद्रा खातो, भांडे काळवंडते आणि झिजते. तिथे उलटा मार्ग. चिंच, आमसुले, सरबताची पिळलेली लिंबे, आंबट ताक, यांतले जे घरात असेल ते पाण्यात घालून उकळायचे. कुकरच्या तळाच्या पाण्यात आपण चिंचेचा तुकडा किंवा लिंबाची फोड टाकतो, ती याच कारणाने.

कल्हईचे पातेले करपले तर नुकसान दुहेरी. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळते. पातेल्यात पाणी आहे तोवर तळ शंभराच्या फार पुढे जात नाही, पण पाणी आटून अन्न जळू लागले की कथील जागचे हलते. वरून आपण खसाखसा घासतो आणि उरलेलीही उतरवतो. मग त्यात ठेवलेले ताक कळकते. अशा भांड्याला भिजवणे आणि मऊ काथ्या, एवढेच. बाकी काम कल्हईवाल्याचे. भाता, निखारे, नवसागराची चिमूट पडताच उठणारा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात काळ्या पातेल्याचा झालेला आरसा! नवसागर तापून धातूवरचा मळ खातो आणि कथलाला जागा स्वच्छ करून देतो, हे पुढे कळले. तेव्हा ती जादूच होती. आता गल्लीत तशी हाक क्वचितच येते.

लोखंडी किंवा बिडाचा तवा हा मात्र वेगळ्या घराण्याचा. त्याच्यावरचा काळा, गुळगुळीत थर म्हणजे मघाशी सांगितलेले तेलाचे रोगणच, पण इथे ते कमावलेले. काही घरांत नवी सून किंवा नवी कामवाली उत्साहाने तो तवा चिंचेने घासून 'स्वच्छ' करते आणि दुसऱ्या दिवशी धिरडे तव्याला सोडत नाही. तव्यावर काही करपले तर तो कोमट असताना जाडे मीठ आणि थेंबभर तेल टाकून फडक्याने चोळावे, धुवावे, लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. नॉनस्टिकबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली प्रयोगशाळेत अपघातानेच सापडलेला तो पदार्थ. आपल्याकडे तशा तव्याला 'निर्लेप' या कंपनीच्या नावानेच ओळखू लागले. ज्याला काहीच चिकटत नाही, हा वेदान्तातला अर्थ आंबोळीच्या तव्यापर्यंत पोचला हे मराठीचे भाग्य. पण त्या तव्याला एकदा तारेची घासणी लागली की निर्लेपपण संपले. कोमट पाणी, मऊ स्पंज, बस.

हल्ली मोबाइलवरच्या फितींत एक प्रयोग फार चालतो. करपलेल्या भांड्यात सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचे, आणि फसफसून फेस आला की बघणाऱ्याने थक्क व्हायचे. सोडा क्षार, व्हिनेगर आम्ल. दोघे एकमेकांना मारून मोकळे होतात आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्याला घासण्याची फारशी हौस नसते. जमा आणि नावे बरोबर जुळले, शिल्लक शून्य. दोन्ही वापरायचे तर एकामागून एक, मध्ये भांडे विसळून. आणि संडासाचे ॲसिड स्वयंपाकाच्या भांड्यात ओतणारे महाभागही मी पाहिले आहेत. ते ब्लीचच्या पावडरीशी मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो मोरीत वाकून बसलेल्या माणसाच्या थेट नाकात जातो.

मोरीत वाकून बसलेले हे माणूस कोण, याकडे आता यायला हवे. करपलेले पातेले हातात आले की आपली पहिली हालचाल ठरलेली असते. नळाखाली धरायचे, ओंजळभर पाणी घालायचे, सिंकमध्ये सरकवायचे आणि म्हणायचे, 'बाई येतील.' पुष्कळदा तर पाणीही राहून जाते. बाई येतात तेव्हा तो थर पुरता वाळलेला असतो. त्यांना पुढची चार घरे गाठायची असतात. सोडा उकळा, निवू द्या, थांबा, ही सगळी चैन वेळ असणाऱ्यांची. त्यांच्याकडे उरते मनगट आणि तारेची घासणी. तारेचे तुकडे बोटांत जातात, पावडरीने नखांच्या कडा सोलतात, आणि त्याच हातांनी पुढच्या घरची भांडी पुन्हा पाण्यात.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र करार मंजूर केला, त्याचा क्रमांक १८९. पगार, सुट्टी, नोंदणी, कल्याण यांची भाषा त्यामुळे निदान कागदावर आली, आणि ती थोडी नव्हे. पण घरोघरचा भाव अजून दारातच ठरतो, आणि तो माणशी किंवा कामावारी ठरतो. भांडी, कपडे, केर-फरशी. करपलेले पातेले या दरपत्रकात कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते जास्तीचे काम असते, पण जास्तीचे म्हणून कुणी मोजत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी तर याच्याही पुढची गोष्ट घडली. नॉनस्टिकच्या तव्यावर ऑम्लेट करपले. तवा नेहमीसारखा सिंकमध्ये गेला. बाईंनी तो इतर भांड्यांसारखाच घासला, कारण तो वेगळा घासायचा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. तव्यावर ओरखडे आले. महिनाअखेरीस पगारातून तव्याची किंमत कापली गेली, आणि बाईंनी ते घर सोडले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर कर्ज एकाने काढले, वसुली जामीनदाराकडून झाली. आणि आपण जामीन राहिलो आहोत याचा त्या जामीनदाराला पत्ताही नव्हता.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी एकदा सरळच विचारले की करपलेल्या भांड्याचे वेगळे पैसे लावावेत का. त्या हसल्या. म्हणाल्या, "पैशांचं नंतर बघू काका. आधी भिजवून देत जा म्हणावं सगळ्यांना. मी काय करपलेलं घासणार नाही म्हणते का? पण वाळलेलं हातात देता, आणि वर म्हणता बाई लवकर आटपा."

त्यानंतर आठ-पंधरा दिवस मी घड्याळ लावून पाहिले. निवृत्त माणसाला असले उद्योग सुचतात. एकाच आकाराची दुधाची दोन पातेली. एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेले, सकाळपासून कोरडे पडलेले. ते घासायला बाईंना बारा मिनिटे लागली, आणि कडेचा काळा चंद्र राहिलाच. दुसऱ्यात मी सकाळी सोड्याचे पाणी उकळून ठेवले होते. ते दोन मिनिटांत निघाले, नारळाच्या शेंडीने. माझा स्वतःचा वेळ मोजला तर चमच्याने सोडा टाकणे आणि गॅस बंद करणे, एवढाच. बाकीचे तीन तास पाण्याने काम केले, बिनपगारी.

उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्त्यांत भांडे भरभरून भिजत घालणे परवडणार नाही, हे खरे. त्यालाही फार पाणी लागत नाही. करपलेला भाग बुडेल इतकेच घालावे आणि वर ताट झाकून उकळावे. वाफ आत राहते, कडाही मऊ होतात. तेच गढूळ सोड्याचे पाणी पुढे तेलकट कढईत ओतावे. तिथेही ते उपयोगी पडते, फक्त कढई जर्मनची किंवा लोखंडी नको.

आमच्या बाईंनी मात्र या सगळ्यातून आपला हिशेब नीट बसवून घेतला आहे. सिंकपाशी त्यांनी एका बरणीत सोडा आणि दुसरीत पिळलेल्या लिंबांच्या साली ठेवायला लावल्या. आमच्याच नव्हे, त्यांच्या पाचही घरांत. नवे घर धरताना पूर्वी त्या एकच विचारायच्या, "माणसं किती?" आता त्यापाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या भाव सांगत नाहीत.

"दूध कोण तापवतं?"